चुकीच्या वेगानं वाजलेली तबकडी

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. काळी, गोल, जेवणाच्या ताटाएवढी, आणि एका बाजूनं जराशी उचललेली, तव्यावर फुगता फुगता राहिलेल्या पोळीसारखी. माझ्या पोटात आठ गाणी आहेत. गाणी म्हणायचं आपलं. सात तर नुसत्या गिटारीच आहेत. शब्द फक्त एकात आहेत, आणि ते एका बाईनं गायलेत. हे नीट लक्षात ठेवा, कारण जगात बाकी कुणाला ते माहीतच नाही.

माझा जन्म इंग्लंडातला. बर्सलेम नावाचं चिनी मातीच्या कपबशांचं गाव आहे, तिथं एक बँड होता. 'चिप्ड सॉसर्स', म्हणजे टवका उडालेल्या बशा. असल्या बँडसाठी दुकानात ऑल्टरनेटिव्ह रॉक म्हणून वेगळा कप्पा असायचा. तो कप्पा दाराच्या मागं होता. दार उघडलं की आम्ही झाकले जायचो, आणि दुकान चालू असताना दार उघडंच असायचं.

बँडमध्ये माणसं तीन. गिटारवर नेव्हिल टनिक्लिफ. उंच, लाजाळू, कुणी पायावर पाय दिला तर स्वतःच 'सॉरी' म्हणणारा. ड्रमवर कोपस्टेक, त्याला सगळे कोप्स म्हणायचे. आणि गायला बेव्हर्ली, नेव्हिलची बायको. बेव्ह कारखान्यात बशांच्या काठावर निळी फुलं रंगवायची आणि रंगवता रंगवता गायची. तिनं गाणं थांबवलं की शेजारच्या बायकांचे कुंचले थांबायचे, आणि मुकादम ओरडायचा, "बेव्ह, गा बाई, माल अडलाय!"

उन्हाळ्यात आमच्याकडे कुंभारांची सुट्टी असते. सगळे कारखाने एकदम बंद, भट्ट्या गार, आणि अख्खं गाव बसमध्ये बसून राइलच्या समुद्रावर. माझं नावही तेच, 'कुंभारांची सुट्टी'. नेव्हिलनं सगळ्या चाली त्या सुट्टीवरच केल्या होत्या. 'राइलची बस', 'गाढवावरची फेरी', 'आइस्क्रीम पडलं'. पळत्या, उड्या मारणाऱ्या चाली. गिटार कशी, तर शाळा सुटल्यावर पोरं धावतात तशी.

आता गंमत बघा. स्टुडिओ मोकळा मिळणार तोही सुट्टीतच, कारण स्टुडिओचा मालक स्वतः राइलला निघालेला. आणि नेमकी बेव्हच्या आईनं तिथं कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, भाड्यानं घेतलेली.

"आई, माझं रेकॉर्डिंग आहे," बेव्ह म्हणाली.

"आणि माझी कॅरव्हॅन आहे. गेल्या वर्षीपासून सांगून ठेवलीय. चार बिछान्यांची. चौथ्या बिछान्यावर काय तुझं रेकॉर्डिंग झोपवू?"

आमच्या गावात ठरलेलं लग्न मोडतं. ठरलेली कॅरव्हॅन मोडत नाही. बेव्ह गेली. इकडे नेव्हिल आणि कोप्सनं तिच्या आवाजासाठी जागा सोडून सगळ्या चाली वाजवून ठेवल्या. एक दिवस बेव्ह आईला म्हणाली, "गरम चिप्स घेऊन येते." बस पकडली आणि थेट बर्सलेम. उन्हानं खांदे उकडलेल्या बिटासारखे झालेले. त्या खांद्यांवर हेडफोनची वायर घासत होती, तरी तिनं एक गाणं म्हटलं. 'खिडकीची जागा'. शेवटच्या ओळीला वायर नको तिथं लागली आणि ती खुदकन हसली. ते हसूही माझ्यात आहे. मग ती गार झालेल्या चिप्स घेऊन राइलला परत गेली.

आई म्हणाली, "रांग मोठी होती का गं?"

"खूप," बेव्ह म्हणाली.

बाकीची सात गाणी राहिलीच. मालक किल्ली मागायला आला. नेव्हिलनं त्या नुसत्या गिटारी पुन्हा ऐकल्या आणि म्हणाला, "असू दे. गिटार बोलतेय की. बेव्हचं शेवटी ठेवू, गोड खाऊन उठल्यासारखं होईल."

अशी मी झाले, मित्रांनो. आणि इथंच ते गाढव मधे आलं.

तबकडी दोन वेगांनी फिरते. मिनिटाला तेहतीस फेरे, नाहीतर पंचेचाळीस. माझ्यासारख्या मोठ्या तबकड्या बहुतेक तेहतीसच्या असतात. पण माझी गाणी छोटी, जागा भरपूर, म्हणून नेव्हिलनं मला पंचेचाळीसवर कोरून घेतलं. आवाज खणखणीत येतो म्हणून. तसा आकडाही माझ्या पोटावरच्या कागदावर छापायला दिला होता. पण त्या कागदावर कोप्सनं राइलचं गाढव काढलेलं. छापणाऱ्याला गाढव फार आवडलं, त्यानं ते जरा मोठं केलं. आणि पंचेचाळीस हा आकडा गेला गाढवाच्या शेपटीखाली. कायमचा.

लंडनच्या एका संगीताच्या साप्ताहिकात समीक्षक होते. त्यांनी माझ्या एका बहिणीला, म्हणजे माझ्याच साच्यातल्या दुसऱ्या प्रतीला, उचललं, मोठी तबकडी म्हणून तेहतीसवर लावलं, आणि डोळे मिटून बसले.

आता गिटारीचं असं असतं, हळू लावली तर ती तक्रार करत नाही. ती रडायला लागते. 'राइलची बस' प्रेतयात्रेसारखी निघाली. गाढवावरच्या फेरीत गाढवाचा जीव गेला. आणि शेवटी बेव्ह, बिचारी कोवळ्या आवाजाची बेव्ह, खर्जात उतरली आणि तिचा झाला एक पोक्त पुरुष.

परीक्षण छापून आलं तेव्हा मी बर्सलेमच्या स्वयंपाकघरात टेबलावर होते, साच्यातून निघालेली पहिली प्रत म्हणून नेव्हिलनं घरी आणलेली. टेबलावर ओटकेक होते, म्हणजे आमच्याकडची ओटच्या पिठाची धिरडी, त्यात चीज वितळत होतं, आणि कोप्स मोठ्यानं वाचत होता.

"'उत्तर इंग्लंडच्या साऱ्या दुःखाला अखेर सूर सापडला आहे.'"

"आपण कुठं उत्तरेत?" नेव्हिल म्हणाला. "आपण मधोमध आहोत."

"लंडनच्या वर सगळं उत्तरच असतं. ऐक. 'आइस्क्रीम पडलं ही रचना म्हणजे एका साम्राज्याचा संथ अस्त.'"

"ते पोराचं आइस्क्रीम आहे रे. वाळूत पडलेलं."

"थांब, पुढं बघ. 'सात रचनांचं धाडसी मौन, आणि मग एक पुरुष गातो. हा आवाज आयुष्यभर कोळशाच्या खाणीत राबलेल्या माणसाचा आहे. शेवटचा त्याचा हुंदका मी विसरू शकत नाही.'"

मग बेव्ह हसायला लागली. इतकी हसली की ओटकेक नाकात गेला. "मी! खाणीत! अगं आई गं. नेव्ह, तो हुंदका म्हणजे माझा खांदा!"

"तेहतीसवर लावलीय," नेव्हिल हळूच म्हणाला. "आख्खी तेहतीसवर लावलीय."

"मग कळव त्यांना," बेव्ह डोळे पुसत म्हणाली.

"कळवतो."

"कधी?"

"सोमवारी. जेवायच्या वेळी कुणाला फोन करणं बरं दिसत नाही."

सोमवारी फोन आला तो तबकडी काढणाऱ्या कंपनीचाच. नेव्हिल दारात उभा राहून, फोनची वायर बोटाला गुंडाळत नुसतं "हो... अरे वा... आभारी आहे... हो" करत होता. फोन ठेवला.

"सांगितलंस?" बेव्हनं विचारलं.

"लंडनला कार्यक्रम ठरवलाय आपला. फार खूष आहे तो. म्हणाला, असं संथ इंग्लंडमध्ये कुणी वाजवलंच नाही."

"पण सांगितलंस का?"

"इतकं कौतुक करत होता गं. मधे बोलणं बरं दिसेना."

मित्रांनो, तुम्हाला वाटेल काय भित्रा माणूस. पण आमच्याकडे सगळेच असे. केस कापणारा कान कापतो आणि आम्ही आरशात बघून "छान झालाय" म्हणतो. कौतुक करणाऱ्याची चूक त्याला दाखवायची, म्हणजे तर भर रस्त्यात त्याची चड्डी ओढल्यासारखं.

म्हणून मग काय झालं, तर बँड स्वतःचीच गाणी चुकीच्या वेगानं वाजवायला शिकला. मी त्या तालमी पाहिल्यात. नेव्हिल एक सूर छेडायचा आणि तो विझेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसायचा. कोप्सचे तर हाल होते.

"एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत मी सँडविच खाऊ शकतो," तो म्हणाला. आणि एकदा खरंच खाल्लं. ठोका चुकला नाही.

राहिला प्रश्न खर्जाचा. लोक लंडनला तो खाणीतला पुरुष ऐकायला येणार होते. तो आणायचा कुठून? कामगारांच्या क्लबात दर शनिवारी हाउझी खेळायचे, त्यात आकडे पुकारायला लेनर्ड काका असायचे. बेव्हच्या वडिलांचे चुलतभाऊ. आवाज असा, की ते आकडा पुकारायचे तेव्हा टेबलावरचे ग्लास थरथरायचे.

"काका, माझं गाणं म्हणाल का?" हे बेव्हनंच विचारलं. नेव्हिलला तेही विचारवेना.

"तुझं गाणं मी कशाला म्हणू, बदका?" लेनर्ड काका म्हणाले. आमच्या गावात प्रेमानं सगळ्यांनाच बदक म्हणतात, पोलिसालासुद्धा. "तूच म्हण की."

"त्यांना पुरुष हवाय काका. एकदाच. मग नेव्ह सांगणार आहे त्यांना."

लंडनला मी गेले होते. बाहेर टेबलावर बँडचं नाव छापलेले सदरे विकायला ठेवले होते, त्यांच्या शेजारी नमुना म्हणून मला उभं केलं होतं. आतून लेनर्ड काकांचा आवाज येत होता, 'खिडकीची जागा' अगदी रांगत चाललं होतं. मधे काका शब्द विसरले. सवयीनं त्यांच्या तोंडून हाउझीतला पुकारा निघाला, "दोन जाड्या बायका, अठ्ठ्याऐंशी!" सभागृहात कुणी श्वास घेईना. दुसऱ्या दिवशी छापून आलं की अठ्ठ्याऐंशी साली ज्या खाणी बंद पडल्या, त्यांच्या विधवांचा हा उल्लेख अंगावर काटा आणतो.

आणि बेव्ह? बेव्ह माझ्या मागं उभी राहून सदऱ्यांच्या घड्या घालत होती. गाणं चालू झालं तेव्हा तिचे ओठ हलले. तिच्या वेगानं. त्यामुळं तिचं गाणं केव्हाच संपलं आणि आत ते चालूच होतं.

एका चष्मेवाल्या मुलीनं सदरा घेता घेता विचारलं, "तुमचा बँडशी काय संबंध?"

बेव्हनं जरा विचार केला. "मी चहा करते," ती म्हणाली.

घरी येताना गाडीत नेव्हिलनं विचारलं, "वाईट नाही ना वाटलं तुला?"

"छे. काहीतरीच."

"पुढच्या कार्यक्रमाआधी सांगतोच."

"सांग की, सवडीनं."

पुढचा कार्यक्रम झाला. त्याच्या पुढचाही झाला. दर वेळी कुणीतरी आधी कौतुक करायचं आणि नेव्हिल म्हणायचा, आता कसं. बेव्ह कारखान्यात जात होती, निळी फुलं रंगवत होती, पण गात नव्हती. मुकादम म्हणाला, "बेव्ह, घसा बसलाय का?" ती म्हणाली, "हो." घरी भांडी घासतानाही गाणं नाही. फक्त नळाचं पाणी. नेव्हिलला ते ऐकू येत होतं, मित्रांनो. जे नाही ते सगळ्यात मोठ्यानं ऐकू येतं. पण त्यानं तो विषयही सवडीवर टाकला.

मग काळ बदलला. लोकांना दुसरी दुःखं आवडायला लागली. बँड मोडला, कोप्सनं दूध घरोघरी पोचवायचं काम धरलं. नेव्हिल आणि बेव्हला मुलगी झाली, तिचं नाव जोडी. तबकड्या वाजवायचं यंत्र कुणालातरी देऊन टाकलं, आणि मला माळ्यावर गरम पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवलं. तिथंच मी वाकले. माझ्यावर रंगाचा डबा ठेवला होता, मग नाताळच्या झाडाचा खोका, मग एक मोडकी इस्त्री. कितीतरी वर्षं मी इस्त्रीची बैठक होते. कुणी मला तेव्हा विचारलं असतं तर मीही 'छान चाललंय' म्हणाले असते.

खाली जगात मात्र भलतंच झालं. माझ्या कुठल्यातरी बहिणीला कुणीतरी कॉम्प्युटरवर चढवलं. तेहतीसवरच, अर्थात. आणि मी पुन्हा गाजले. झोप येत नसलेल्या लोकांना मी फार गुणकारी ठरले म्हणे. जपानपासून ब्राझीलपर्यंत माणसं 'राइलची बस' लावून घोरत होती. मूळ टेप स्टुडिओच्या मालकानं केव्हाच पुसून त्यावर पुतणीचं लग्न भरलं होतं. म्हणजे बेव्हचा खरा आवाज आता फक्त आम्हा जुन्या तबकड्यांत उरला. आणि त्याही कुणी लावल्याच, तर तेहतीसवर.

मग बेव्ह आजारी पडली.

एके सकाळी माळ्याची झडप उघडली. जोडी वर आली होती, चांगली तिशीची झालेली. तिनं इस्त्री उचलली, मला काढलं आणि खाली नेलं. बेव्हचा पलंग खालच्या खोलीत, खिडकीपाशी आणला होता. ती फार बारीक झाली होती. तिनं मला हातात घेतलं, गाऊनच्या बाहीनं पुसलं आणि गाढवाकडे बघून हसली.

"हे शेवटचं गाणं आहे ना," ती जोडीला म्हणाली, "ते मी म्हटलंय."

"खरंच, आई?" घरात यंत्र नव्हतं. जोडीनं फोनवर शोधलं, एका झटक्यात सापडलं. तिनं लावलं. खोलीत तो पोक्त पुरुष गायला लागला.

जोडीनं थोडा वेळ ऐकलं. मग आईकडे बघितलं. मग आईच्या उशाशी ठेवलेल्या औषधांच्या बाटल्यांकडे बघितलं. आणि तिचा चेहरा एकदम मऊ झाला, लहान मुलाशी बोलताना होतो तसा.

"हो गं आई," ती म्हणाली. "तूच आहेस. किती छान गायलीयस."

बेव्हला कळलं. तो मऊ आवाज कळला. तिनं दाराकडे बघितलं, तिथं नेव्हिल उभा होता.

"नेव्ह," ती म्हणाली, "सांग ना रे हिला."

नेव्हिलचे ओठ हलले. मी अगदी जवळून बघत होते. एवढंच म्हणायचं होतं, 'तीच आहे ती.' पण त्यामागं बाकीचंही यायचं होतं ना. की इतकी वर्षं मला माहीत होतं. की मी सांगितलं नाही. की मला संकोच वाटला.

"चहा करू?" तो म्हणाला.

आणि तो स्वयंपाकघरात गेला. किटली उकळली, बंद झाली, त्यानं पुन्हा चालू केली. ती पुन्हा उकळली. चहा काही आला नाही. बेव्हनं माझ्यावर हात ठेवला होता. तो हात इतका हलका होता की माझ्या वाकलेल्या कडेनंही तो तोलून धरला.

"जाऊ दे," ती म्हणाली. मला म्हणाली की जोडीला, की त्याला, ते मला कळलं नाही.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

दहनाच्या ठिकाणी मला तिच्या शवपेटीशेजारी एका लहानशा घडवंचीवर उभं केलं होतं, फुलांमधे. जोडीनंच ठरवलं होतं की शेवटी ते गाणं लावायचं. तिच्या मनात प्रेमच होतं. आईला शेवटी वाटत होतं ना की ते गाणं तिचं आहे, मग ते वाजलं पाहिजे, एवढंच. नेव्हिलला तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तुला बरं वाटेल तसं कर."

विधी चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आता बेव्हर्लीचं लाडकं गाणं ऐकूया." भिंतीआडच्या माणसानं बटण दाबलं.

मित्रांनो, मी त्या खोलीत होते. तिचा खरा आवाज माझ्या अंगावर कोरलेला, तिच्यापासून दोन वितींवर. आणि मला फिरवायला काही नव्हतं. भिंतीतून तो परका पुरुष रेंगाळत गात होता आणि बेव्हचे भाऊबंद, कारखान्यातल्या बायका, कोप्स, चाकांच्या खुर्चीतले लेनर्ड काका, सगळे मान खाली घालून आपापले बूट बघत होते. हा कोण बाप्या, असं निम्म्यांच्या मनात आलं असेल. पण अशा ठिकाणी विचारणं बरं दिसतं का?

तेव्हा नेव्हिल उठला.

"थांबवा," तो म्हणाला.

भिंतीआडच्या माणसाला ऐकू गेलं नाही. पुरुष गातच होता.

"थांबवा ते! चुकीच्या वेगानं लागलंय." नेव्हिलचा आवाज फाटला. "हा पुरुष नाही. ही बेव्ह आहे. माझी बायको आहे. सगळीकडे चुकीच्या वेगानं लागलंय आणि मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

मग नेव्हिल म्हणाला, "सॉरी." विधीच्या बाई म्हणाल्या, "सॉरी." भिंतीआडून तो माणूस आला आणि म्हणाला, "सॉरी साहेब, मला हे जलद करता येत नाही, जसं येतं तसंच वाजतं." मागच्या रांगेतल्या एका म्हातारीचा तर कशाशीच संबंध नव्हता, तीही म्हणाली, "सॉरी." तेवढ्यात गाणं संपत आलं, वेळही संपली. बाहेर दुसऱ्या कुणाचे लोक फुलं घेऊन थांबले होते. पडदा सरकला, पेटी आत गेली आणि बेव्ह गेली. खाणीतल्या पुरुषाच्या हुंदक्यावर.

नंतर सगळे क्लबात जमले. चहा, हॅमची सँडविचं, आणि कपबशांचा आवाज. जोडी मला छातीशी धरून नेव्हिलसमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, आई खरं सांगत होती?"

"हो."

"ती तुला म्हणाली, सांग हिला."

"हो."

"आणि तू चहा करायला गेलास."

खरं तर तेव्हा कुणीतरी नेव्हिलच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता, पण कुणाला ठेवावासा वाटला नाही. मलाही वाटला नसता.

"मला वाटलं तिचं डोकं फिरलंय," जोडी म्हणाली. "मी तिला लहान पोरासारखं 'हो गं' केलं. त्या गाण्याबद्दल शेवटचं काय बोलले मी तिच्याशी, तर ते."

लेनर्ड काकांनी काठीनं जमिनीवर ठोकलं. आवाज अजून तसाच. "कोप्स, तिथं मागं कोठीत बघ. आकड्यांच्या यंत्राखाली तबकड्यांचं जुनं यंत्र असेल. आण जा."

कोप्सनं आणलं. धूळ पुसली, तारा जोडल्या, भोंगा गुरगुरला. मला वर ठेवलं. कोप्सनं काटा पंचेचाळीसवर केला. पण मी हलेना. आतला रबरी पट्टा पडून पडून चिक्कीसारखा चिकटून बसला होता. कोप्सनं सुरीनं खरवडून काढला आणि त्याचे तुकडे हातात घेऊन उभा राहिला.

"संपलं," कोप्स म्हणाला. "आवाज येईल, पण फिरणार नाही."

नेव्हिल पुढं आला. त्यानं सुई उचलली, शेवटच्या गाण्यावर टेकवली. मग माझ्या पोटावर, गाढवाच्या शेजारी, बोट ठेवलं आणि मला हातानं फिरवायला लागला.

आधी गाय हंबरल्यासारखं झालं. एक पोर फिसकन हसलं, त्याच्या आईनं त्याचं तोंड दाबलं. नेव्हिलनं जोर लावला, तर चिमणी चिवचिवल्यासारखं. मग पुन्हा पुरुष. माझी वाकलेली कड आली की सुई उडी मारायची, एक शब्द गाळायची. पण त्या माणसाच्या हातात ताल होता, मित्रांनो, आणि ते गाणं त्यानंच केलेलं. हळूहळू बोट ठरलं.

*ये ना लवकर, बस निघाली,*
*खिडकीची जागा तुझी ठेवली.*

बेव्ह. उन्हानं भाजलेली, आईला थाप मारून आलेली, सत्तावीस वर्षांची बेव्ह.

कारखान्यातल्या एका म्हातारीनं हातातली बशी खाली ठेवली. "ही तर आमची बेव्ह," ती म्हणाली. "कारखान्यात आमच्या बाकावर गायची ती."

लेनर्ड काका इतक्या वर्षांत ते गाणं कितीदा म्हणाले असतील. त्यांनी तोंडावर हात धरला होता, जणू त्यांचा स्वतःचा आवाज चुकून निघेल.

जोडी माझ्याजवळ वाकली. तिचा कान भोंग्याला लागला होता. "किती बारीक आवाज आहे," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा लहान आहे ती, बाबा."

"हो," नेव्हिल म्हणाला. "फिरव तू. बोट इथं ठेव. हलकं."

जोडीनं बोट ठेवलं. बेव्ह दोनदा अडखळली, एकदा खर्जात गेली, आणि मग लेकीच्या बोटानं सरळ झाली. नेव्हिल शेजारी उभा होता. जिनं हे ऐकायचं ती सोडून सगळं गाव ऐकत होतं.

आता मी जोडीच्या घरी आहे. ती मला आठवड्यातून एकदा फिरवते. यंत्राचा पट्टा नवा मिळतो, कोप्सनं आणूनही दिला होता, पण ती बोटानंच फिरवते. दर वेळी सुई मला थोडीशी खरवडते आणि बेव्ह थोडीशी पुसट होते. हे जोडीला माहीत आहे. तरी ती फिरवते, आणि बरं करते. माळ्यावर राहून मी आणखी टिकले असते, पण कुणासाठी?

तर मित्रांनो, आम्हा तबकड्यांना उभं ठेवा, गरम टाकीपासून लांब ठेवा, अंगावर इस्त्री ठेवू नका, एवढं तर आहेच. पण ते नाही जमलं तरी चालेल. मोडलो तर मोडलो. तुमच्या घरातल्या माणसाला मात्र कुणी चुकीचं वाजवायला लागलं, तर तिथल्या तिथं उठा. समोरचा कौतुक करत असला तरी उठा. जेवायची वेळ असली तरी उठा. तो माणूस ऐकतोय तोवर उठा, आणि मोठ्यानं सांगा, की हे असं नाही, आमची बेव्ह अशी नाही गात.

मला उठता येत नाही. मी फक्त फिरते, आणि तेही कुणी बोट लावलं तर.